म्हैसमाळला वीस गाड्यांची पहाटफेरी: पोलीस, परवानगी आणि मध्येच रेस लावणारी पोरं

पाणचक्की_२० यांची विचारणा

नमस्कार मंडळी. छत्रपती संभाजीनगरातल्या वीसेक गाड्या घेऊन पहाटफेरी काढायची आहे. नगर नाका, पडेगाव, शरणापूर फाटा, दौलताबाद, खुलताबाद करत म्हैसमाळ, तिथं नाष्टा आणि दहाच्या आत परत. सध्या श्रावणातला एक शनिवार डोळ्यासमोर आहे.

गाड्या बहुतेक कंपनीतून आल्या तशाच. सात-आठ जणांनी मात्र काम केलेलं आहे. एका ऑक्टाव्हियाचं रीमॅप (सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवणं), दोन हॅचबॅकना मोठा एक्झॉस्ट, एका थारला पुढं लोखंडी बंपर, चौघांचे अलॉय आणि वाढीव टायर, दोघांच्या काचांना फिल्म.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, अशा फेरीला पोलिसांची परवानगी लागते का? लागत असेल तर कुणाकडे अर्ज करायचा?

दोन, नाक्यावर अडवलं तर मॉडिफाय केलेल्या कोणत्या गोष्टीवर नेमकं कोणतं कलम लागतं? ऐकीव माहिती फार झाली, कुणी म्हणतं पाचशे, कुणी म्हणतं गाडीच जप्त.

तीन, आणि खरी काळजी हीच आहे. मोकळा रस्ता दिसला की दोन-तीन पोरं हमखास एकमेकांना लावतात. त्यांनी रेस लावली तर ती फक्त त्यांच्यावर शेकते की फेरी काढणाऱ्यावरही?

---

कोर्टरोड_जालना

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम १८९. राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहनांची शर्यत किंवा कोणत्याही प्रकारची वेगचाचणी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी एक वर्षापर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत किंवा दोन्ही. रक्कम बघून पोरं म्हणतात, एवढंच ना. पण कलमाचे शब्द नीट वाचा. भाग घेणाराच नाही, शर्यत होऊ देणाराही त्यात येतो. म्हणजे ग्रुपवर तुम्ही वेळ आणि जागा टाकली, शर्यत होणार हे ठाऊक असूनही चालू दिलं, तर "मी तर मागच्या गाडीत होतो" हे उत्तर पुरत नाही. आणि "कोणत्याही प्रकारची" म्हटल्यावर झेंडा, बक्षीस, पैज यांची गरज उरत नाही.

खरा फटका लायसन्सला बसतो. कलम २०६ च्या पोटकलम ४ खाली १८३, १८४, १८५, १८९ आणि १९० या गुन्ह्यांत पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवू शकतात. आरटीओ म्हणणं ऐकून घेतात आणि कलम १९ खाली पहिल्या वेळी तीन महिने अपात्र ठरवू शकतात. दुसऱ्यांदा लायसन्सच रद्द. ज्याची रोजी गाडीवर आहे किंवा जो रोज शेंद्र्याला किंवा वाळूजला कामाला जातो, त्याला हे पाच हजारांपेक्षा कितीतरी महाग पडतं.

त्याच्या जोडीला सहसा कलम १८४, धोकादायक वाहन चालवणे. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार दंड किंवा दोन्ही. हे कलम जागेवर पैसे भरून मिटत नाही. कलम २०० च्या तडजोडीत १८४ चा फक्त हातात मोबाईल धरण्याचा भाग येतो, बाकीचं कोर्टात जातं. शिवाय गणवेशातल्या पोलिसासमोर १८४ घडलं तर वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार कलम २०२ देतं. भारतीय न्याय संहितेचं २८१, बेदरकार वाहन चालवणं, वेगळं, ते सहा महिन्यांपर्यंत. कुणी दगावलं तर १०६(१), निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत, आणि परिस्थिती पाहून १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध सुद्धा.

चालवणारा अठराच्या आतला असेल तर कलम १९९अ. पालक किंवा गाडीमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर प्रकरणानंतर या कलमाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं आहे. फेरीला येणाऱ्या प्रत्येकाचं लायसन्स आदल्या दिवशी बघून घ्या. संकोच करू नका.

विम्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. पॅकेज पॉलिसीत "वापराच्या मर्यादा" असा परिच्छेद असतो. त्यात आयोजित शर्यत आणि वेगचाचणी सरळ वगळलेली असते. स्वतःच्या गाडीचं नुकसान तर मिळतच नाही, तिसऱ्या पक्षाच्या दाव्यातही कलम १५० खाली विमा कंपनीला हा बचाव घेता येतो. कंपनीने आधी नुकसानग्रस्ताला पैसे दिले तरी मग ते मालकाकडून वसूल करण्याचा रस्ता उरतो. अपघाती मृत्यूची भरपाई वयावर आणि कमाईवर ठरते. त्या रकमेपुढं घर विकावं लागतं, गाडी विकून भागत नाही.

परवानगीचं: नोंदणी झालेली, विमा असलेली गाडी नियमाने रस्त्यावर चालवायला वेगळी परवानगी लागत नाही, मग ती एक असो की वीस. तरीही माहितीचा अर्ज जरूर द्या. शहरासाठी पोलीस आयुक्तालयाची वाहतूक शाखा. खुलताबाद ग्रामीणमध्ये येतं, म्हणून एक प्रत पोलीस अधीक्षक, ग्रामीण आणि एक खुलताबाद ठाण्याला. तारीख, वेळ, मार्ग, थांबे, गाड्यांचे नंबर, दोन जबाबदार माणसांचे मोबाईल आणि "ही शर्यत नाही, वेगमर्यादा पाळली जाईल" हे स्पष्ट वाक्य. दहा-बारा दिवस आधी द्या आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. अर्जात "रॅली" शब्द टाळा. त्या शब्दामुळे अर्ज मिरवणूक-मोर्चाच्या फायलीत जाऊन पडतो.

---

हर्सूल_सावंगी

वरच्या दादांचं बाकी सगळं पटतं, एका मुद्द्यावर मात्र असहमत. "परवानगी लागत नाही" असं सरसकट सांगू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (३) खाली जमावबंदीचे आदेश वरचेवर निघतात. सणवार, निवडणुका, आंदोलनं, काहीही कारण असतं. तो आदेश चालू असेल आणि नगर नाक्यावर पंचवीस-तीस माणसं गाड्या लावून उभी राहिली, तर गाड्यांची कागदपत्रं शुद्ध असून उपयोग नाही. गुन्हा जमावाचा होतो, कलम १३५ खाली. गाड्या चालवायला परवानगी नको, पण एकत्र जमायला त्या दिवशी लागू शकते. म्हणून आयुक्तालयाचा त्या पंधरवड्याचा आदेश आधी बघा आणि त्यानुसार अर्ज माहितीचा की परवानगीचा ते ठरवा.

जमायची जागाही रस्त्याची कड नको. पेट्रोल पंप किंवा मोठं अंगण असलेलं हॉटेल धरा, मालकाला आधी विचारा. वस्तीजवळ सहाच्या आत इंजिनं तापवत उभं राहू नका. ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्रच आहे. तक्रार कंट्रोल रूमला जाते ती आवाजाची, मग येणारा कर्मचारी सगळंच तपासतो.

---

टॉर्कपाना

दुसऱ्या प्रश्नाचं मी घेतो. गाडीगणिक नाही, पार्टगणिक.

मूळ नियम कलम ५२. आरसीवर लिहिलेलं आणि निर्मात्याने ठरवलेलं जे आहे त्यापासून गाडी वेगळी दिसेल किंवा वागेल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. शिक्षा कलम १८२अ (४) मध्ये: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे हे शब्द लक्षात ठेवा. बंपर, एक्झॉस्ट आणि दिवे असे तीन बदल असतील तर हिशोब तीनदा होतो.

एक्झॉस्ट. इथं १८२अ सोबत कलम १९०(२) येतं: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने लायसन्स अपात्र. फक्त शेवटचा मफलर बदलला आहे की धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच (कॅट) काढला आहे, हे आधी मालकाला स्पष्ट विचारा. मफलरच बदललेला असेल तर मूळ परत बसवणं तासाभराचं काम. जोडाची गॅस्केट नवी टाका, रबरी हँगर फाटले असतील तर बदला, नाहीतर पाइप खाली लोंबून गतिरोधकावर घासतो. कॅट काढलेला असेल तर गोष्ट गंभीर आहे. मागचा ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो, पी०४२० कोड येतो, इंजिनचा पिवळा दिवा लागतो. मग तो दिवा लपवायला सॉफ्टवेअरमध्ये फेरफार केलेला असतो. अशी गाडी पीयूसीच्या खऱ्या तपासणीत टिकत नाही. बीएस४ आणि पुढच्या पेट्रोल गाडीला निष्क्रिय वेगावर कार्बन मोनॉक्साइड (सीओ) ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतात. कॅट नसताना ते येणं शक्य नाही. ती गाडी फेरीत घेऊ नका, मालक कितीही जवळचा असो.

रीमॅप. बाहेरून दिसत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात. नाक्यावर पकडलं जाणार नाही हे खरं. पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, वाचायला सांगू शकतो, आणि इंजिनातला बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर दावा अडतो. तांत्रिक बाजूही बघा. फोक्सवॅगन-स्कोडाचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्स, डीक्यू२००, हा २५० न्यूटनमीटर टॉर्कसाठी (फिरवण्याच्या जोरासाठी) बनवलेला आहे. ज्या इंजिनांचा टॉर्क मुळातच २५० आहे तिथं रीमॅपने तो तीनशेच्या वर नेला की क्लच घसरायला लागतो. चढावर आरपीएम वाढतो, वेग वाढत नाही, जळका वास येतो. म्हैसमाळचा घाट दुसऱ्या गिअरवर चढताना हे पहिल्यांदा दिसतं. पुढं मेकाट्रॉनिक युनिटपर्यंत (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेपर्यंत) खर्च जातो.

लोखंडी बंपर, बुलगार्ड. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून यावर कारवाई करायला सांगितलेलं आहे, आधार कलम ५२ चाच. कायदा सोडा, इंजिनिअरिंग बघा. पुढच्या भागाने चुरगळून धडक पचवायची असते आणि त्या चुरगळण्याच्या वेगावरून एअरबॅगचा सेन्सर निर्णय घेतो. जाड पाइप थेट चॅसिसला बोल्ट केला की धक्का चॅसिसमधून आत येतो आणि एअरबॅगची वेळ चुकते. समोर माणूस असेल तर त्याच्या मांडीच्या उंचीवर लोखंड. थारचा मूळ बंपर परत बसवायला दोन तास पुरतात. बसवूनच या.

अलॉय आणि टायर. इथं सरसकट भीती घालायची गरज नाही. निर्मात्याने त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला जो आकार दिला आहे तो सुरक्षित. त्याबाहेर गेलात तर गणित करा. १८५/६५ आर१५ चा एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर. १९५/५५ आर१६ चा ६२०.९, म्हणजे जवळजवळ तोच. २०५/६० आर१६ चा ६५२.४, पाच टक्के जास्त. त्यात स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०५ च्या आसपास असते, स्पीडगनला ती पाचची वाढ दिसते आणि चालवणारा शपथेवर सांगतो की काटा शंभरावर होता. फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवा. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळपेक्षा खाली नको: ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो. टायर मडगार्डच्या बाहेर डोकावता कामा नये. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक मोठं असतं, तिथं हबला बसणारी रिंग टाकली नसेल तर ८० ते १०० च्या दरम्यान स्टेअरिंग थरथरतं. लोक बॅलन्सिंग करत राहतात, दोष रिंगचा असतो. नट टॉर्क पान्यानेच आवळा, बऱ्याच हॅचबॅकला १०० ते १२० न्यूटनमीटर लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

काचेची फिल्म. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे पुढची-मागची काच ७० टक्के आणि बाजूच्या ५० टक्के प्रकाश आत सोडणारी हवी, आणि ती काचच तशी बनलेली. एप्रिल २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार घेऊन फिल्म कितीही फिकी असली तरी चलान फाडतात. मे महिन्यात ४२-४३ अंशात फिल्मशिवाय गाडी भट्टी होते हे मान्य, पण फेरीसाठी ती काढूनच या. हेअर ड्रायरने गरम करत कोपऱ्यातून ओढली तर गोंद काचेवर राहत नाही. मागच्या काचेवर डिफॉगरच्या तारा असतात, तिथं ब्लेड लावू नका.

दिवे. साध्या हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एचआयडी किंवा बाजारू एलईडी टाकला की प्रकाश वर जाऊ न देणारी कापरेषा मोडते, समोरच्याचे डोळे दिपतात. १००/९० वॅटचे बल्ब मूळ ६०/५५ च्या वायरवर लावले तर होल्डर वितळतो. निळे-लाल लुकलुकणारे दिवे अजिबात नकोत.

नंबर प्लेट. नियम ५०. २१४ चा "राम" आणि ४१४१ चा "दादा" करून लिहिलेली प्लेट दिसली की गाडी थांबवतातच, आणि मग बाकीचं दिसतं. वीस गाड्यांपैकी एका प्लेटमुळे वीसही गाड्या कडेला लागतात. हायसिक्युरिटी प्लेट नसलेल्याने येऊच नये.

---

पाणचक्की_२०

फार उपयोगी, मनापासून आभार. बंपर, फिल्म आणि एक्झॉस्टचा निरोप ग्रुपवर टाकला. दोघांनी यायचं रद्द केलं, ठीक आहे. प्रत्यक्ष अडवल्यावर काय करायचं आणि गाड्या कशा चालवायच्या, तेही सांगा.

---

कोर्टरोड_जालना

अडवल्यावर: इंडिकेटर देऊन डावीकडे, रस्त्यावरून खाली. इंजिन बंद, काच खाली, आतला दिवा चालू. गणवेशातल्या पोलिसाने थांबवलं तर थांबायचंच. पळून जाणाऱ्याला पुढच्या नाक्यावर वायरलेसने गाठतात आणि साध्या चलानाचं प्रकरण १८४ वर जातं.

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं चालतं, नियम १३९ मध्ये इलेक्ट्रॉनिक रूप मान्य आहे. व्हॉट्सअॅपवरचा फोटो मात्र चालत नाही. घाटात रेंज जाते, म्हणून कागदपत्रं अॅपमध्ये आधी उघडून ठेवा किंवा मूळ प्रती सोबत घ्या.

बोलणारा एकच माणूस ठेवा. बाकीच्यांनी गाडीतच बसावं. वीस जण उतरून घोळका केला की कर्मचारी एकटा असेल तर तो कुमक मागवतो, आणि त्याच्या जागी कुणीही तेच करेल. चलान करतोय म्हटल्यावर कलम कोणतं ते नम्रपणे विचारा, मशीनवर दिसतं. पटलं नाही तर तिथं भांडू नका. महाट्रॅफिकच्या साइटवर तक्रार नोंदवता येते, नाहीतर कोर्टात म्हणणं मांडता येतं. लोकअदालतीतही जुनी चलानं निघतात. रोख मागितलं तर पावतीच मागा, आवाज न चढवता.

कॅमेऱ्याने पकडलेल्या वेगाबाबत नियम १६७अ बघा. यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. त्या टप्प्यावर कॅमेरा असल्याची पाटी हवी. नोटीस पंधरा दिवसांच्या आत यायला हवी. हे मुद्दे कोर्टात चालतात, रस्त्यावर नाही.

आणि रील. म्हैसमाळच्या वळणावर स्पीडोमीटरसह काढलेला व्हिडिओ हा स्वतःच्या हाताने लिहिलेला कबुलीजबाब आहे. नंबर प्लेट दिसते, ठिकाण दिसतं, खातं तुमचं. घटनेच्या वेळी एकही पोलीस तिथं नसताना गुन्हे दाखल होतात ते याच्यावरून.

---

भद्रामारुती_रोड

भाऊ, आधी तारीख बदला. श्रावणातला शनिवार धरायलेत आणि रस्ता खुलताबादचा! शुक्रवारी रात्रीपासून शहरातून भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांनी तो रस्ता भरलेला असतो. बायामाणसं, लेकरं, म्हातारी माणसं, अंधारात, बऱ्याच ठिकाणी डांबरावरूनच चालत असतात. त्या गर्दीत वीस गाड्यांची रांग म्हणजे धोका, आणि पोलिसांनी हाकलून लावलं तर त्यांचंच बरोबर. श्रावणी सोमवारच्या आधीचा रविवारही सोडा, घृष्णेश्वराची गर्दी तेव्हाच सुरू होते. हनुमान जयंतीलाही तेच.

चालवायचं असं करा. वीसची एकच रांग लावू नका. पाच-पाचचे चार गट, दोन गटांत पाच मिनिटांचं अंतर. प्रत्येक गटात पुढं एक आणि मागं एक, रस्ता माहीत असलेला आणि डोकं शांत असलेला. वेगाची गाडी पुढं द्यायची नाही, गटातली सगळ्यात कमी ताकदीची गाडी दुसऱ्या नंबरला ठेवायची. म्हणजे पुढचा तिच्या बेताने चालतो आणि मागच्यांना ओढ लागत नाही. रेस लागते ती मागं पडलेला गाठायला धावतो तेव्हा. म्हणून प्रत्येक वळणफाट्यावर पुढच्याने थांबायचं, मागचा दिसल्यावरच निघायचं. हे आधी सांगितलं की कुणी घाई करत नाही.

दोन गाड्यांत तीन सेकंद. मध्ये एसटी किंवा मोटारसायकल शिरली तर शिरू द्या. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवू नका, मग वळण्याचा इशारा कळतच नाही.

दौलताबादला तटाच्या दरवाजातून रस्ता जातो, तिथं ओव्हरटेक नाही, हॉर्न नाही, समोरून बस आली की मागं थांबायचं. म्हैसमाळचा चढ अरुंद आहे, चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक ऑइल तापतं. डॉट ४ प्रकारचं ऑइल ताजं असताना २३० अंशाला उकळतं, पाणी शोषलेलं असेल तर १५५ च्या आसपास. उकळलं की पेडल थेट फळीला टेकतं. दोन वर्षांत ऑइल बदललेलं नसेल त्याने आधी बदलून यावं.

रेस लावणाऱ्याचं: निघायच्या आधी सगळ्यांसमोर सांगा की पहिल्यांदा लावली की गटाबाहेर. आणि खरंच काढा, त्याच ठिकाणी, मित्र असला तरी. ग्रुपवर तसा लेखी निरोप टाका. उद्या प्रश्न आला तर "शर्यत होऊ दिली" हे तुमच्यावर चिकटत नाही.

---

समृद्धी_सावंगी

एक विचारतो, विषय जवळचाच आहे. दोन-तीन जण म्हणायलेत, घाटात नको तर समृद्धीवर सावंगीतून चढू, जालन्याला उतरू, तिथं १५० साठीच रस्ता बनवलाय, शून्य ते शंभर मोजून घेऊ. दुसऱ्या गाडीशी स्पर्धा नाही, फक्त जीपीएस टाइमर. हे चालतं का?

---

टॉर्कपाना

नाही. १५० हा आराखड्याचा वेग आहे, म्हणजे वळणाची त्रिज्या आणि दृष्टीचं अंतर कशाला धरून काढलं तो आकडा. कारची मर्यादा १२० आहे. एकट्याने टाइमर लावला तरी ती वेगचाचणीच. कलम १८९ बसो न बसो, शून्यापासून सुरुवात करायला गाडी लेनमध्ये थांबवावी लागते. मागून ट्रक ८० ने येत असतो, म्हणजे सेकंदाला २२ मीटर.

थांबायचं अंतर बघा. दीड सेकंद प्रतिक्रियेचा आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक धरला तर १२० ला साधारण १३० मीटर लागतात. १६० ला २०८. वेग एक तृतीयांशाने वाढला, ब्रेकचं अंतर पावणेदोन पटीच्या वर गेलं. लो बीममध्ये स्वच्छ दिसतं ते पन्नास-साठ मीटर.

समृद्धीवर टायरकडेही बघा. हवा थंड टायरमध्येच भरा, दर ५-६ अंश तापमानाला साधारण एक पीएसआय वाढतं. गरम झाल्यावर वाढलेली हवा काढून टाकणारे चूक करतात, कमी हवेचा टायर जास्त वाकतो आणि जास्त तापतो. बाजूवरचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. वेगाचं अक्षर एस असेल तर १८०, टी १९०, एच २१०. ती मर्यादा नव्या, नीट हवा भरलेल्या टायरची आहे, सहा वर्षं उन्हात उभ्या गाडीच्या टायरची नाही.

आकडेच काढायचे असतील तर जागा आहेत. एफएमएससीआय ही देशातली मोटरस्पोर्टची मान्यताप्राप्त संघटना. तिचं स्पर्धक लायसन्स काढून ऑटोक्रॉस किंवा ड्रॅगच्या कार्यक्रमात नाव द्या. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगचे कार्यक्रम झालेले आहेत. तिथं ४०२ मीटर मोजलेले असतात, दोन्ही बाजू मोकळ्या, रुग्णवाहिका उभी, गाडीची आधी तपासणी. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आणि कोइम्बतूरचा करी स्पीडवे इथं शिकवणीही असते. आपल्यापासून लांब आहे हे खरं, मराठवाड्यात एकही ट्रॅक नाही. शेंद्र्याला २०२३ पर्यंत ऑक्टाव्हिया-सुपर्ब जोडल्या जायच्या, वाळूजला बजाजचा कारखाना आहे, आणि त्या हातांना गाडी सुरक्षितपणे पळवून बघायला दोन किलोमीटरची बंदिस्त पट्टी मिळू नये याचं मनापासून वाईट वाटतं. ती मागणी चारशे सह्यांनी शासनाकडे करा, मी पहिली सही करतो. पण तोवर रस्ता हा ट्रॅक होत नाही.

---

पाणचक्की_२०

तारीख बदलली. मार्गशीर्षातला रविवार, सात वाजता निघायचं, गट पाच-पाचचे. जमावबंदीचा आदेश बघून अर्ज देतो. समृद्धी रद्द.

---

भद्रामारुती_रोड

चांगलं केलंत. फक्त एक, मार्गशीर्षात ऊस सुरू असतो. डबल ट्रॉली, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि सकाळचं धुकं. बंद पडलेली ट्रॉली अर्ध्या डांबरावर उभी असते, मागं फक्त दगड ठेवलेले. काही ठिकाणी मका आणि सोयाबीन रस्त्यावर वाळत घातलेलं असतं, त्यावर टायर गेला की घसरतं. पुढच्या गाडीने दिसेल ते फोनवर मागच्या गटांना कळवायचं, बोलणारा शेजारी बसलेला हवा, चालवणारा नाही. सगळ्यात मागच्या गाडीत ओढायचा पट्टा, हवा भरायचा पंप, पाच लिटर पाणी आणि दोन रिफ्लेक्टर त्रिकोण. गाडी बंद पडली तर त्रिकोण पन्नास मीटर मागं ठेवा, वळण असेल तर वळणाच्या अलीकडं.